विष पाण्यात, आळ माझ्यावर

मी एक जुना पितळी गंज आहे. मित्रांनो, तुम्ही ज्याला पातेलं म्हणता त्याला आमच्या वाशिमकडे गंज म्हणतात. केनवडच्या पलीकडे एका वस्तीत, देवमन आणि रुख्मिणी या नवराबायकोच्या घरी मी राहतो. पोट मोठं, कड जाड, आणि भरला की उचलायला दोघं लागतात. जुनी भांडी आपली कहाणी सांगायला बसली की बहुधा गळा काढतात. मी काढणार नाही. माझ्यावर एका तान्ह्या पोरीला विष पाजल्याचा आळ आला होता. तो मी तेव्हाही मानला नव्हता आणि आजही मानत नाही. तुम्ही सगळं ऐका आणि मग काय ते ठरवा.

तांबं आणि जस्त एकत्र वितळवलं की पितळ होतं. त्या पितळेचा पत्रा एका तांबटानं ठोकून ठोकून मला घडवला. रुख्मिणीच्या लग्नात तिच्या मामानं मला आहेरात दिलं आणि माझ्या पोटावर नाव घालून घेतलं, 'आयु. रुख्मिणीस, मामाकडून भेट'. आतून मला कल्हई केली, म्हणजे कथलाचा पातळसा थर दिला. कारण पितळेला आंबटाचं वावडं असतं. कल्हई उडाली आणि ताक किंवा चिंचेचं सार उघड्या पितळेला लागलं की ते कळकतं, आणि कळकलेलं पोटात गेलं की मळमळतं, ओकारी येते. हे मी लपवत नाही. माझा स्वभाव मला पुरता ठाऊक आहे, म्हणूनच जे माझं नाही ते माझ्या नावावर खपवून घ्यायला मी तयार नाही.

माझा एक काळ होता. जयंतीच्या जेवणाची भाजी माझ्यात शिजायची, बुद्धपौर्णिमेची खीर माझ्यात आटायची. वस्तीत लग्न निघालं की अक्षता कोण आणणार हे ठरायच्या आधी रुख्मिणीचा गंज कोण आणणार हे ठरायचं. खीर चांगली झाली की बाया म्हणायच्या, "गंज चांगला हाये वो!" मग रुख्मिणी पदर सावरत अशी हसायची की जणू खीर तिनेच रांधली.

त्याच दिवसांत देवमनची मुलगी पल्लवी माझ्या चुलीजवळ बसून अभ्यास करायची. थंडीत तिला ऊब हवी असायची आणि आईला जाळ सारायला माणूस. तिला रसायनशास्त्राचं वेड. मोठ्यानं घोकायची सवय असल्यामुळे तिच्याबरोबर माझंही शिक्षण झालं. ती घोकायची ते मला आवडायचं. आपल्या डोक्यावरच्या हवेत बहुतेक नायट्रोजनच आहे, त्यालाच नत्र म्हणतात. पण हवेत असतो तोवर तो रिकामटेकडा, पिकाला त्याचा काडीचा उपयोग नाही. वीज कडाडली की थोडासा पावसाबरोबर मातीत उतरतो. सोयाबीन, तूर, हरभरा यांच्या मुळांवर बारक्या गाठी असतात. त्यांत राहणारे जिवाणू हवेतला नत्र पकडून पिकाला भरवतात. ते पीक माणसं-जनावरं खातात. शेण, पालापाचोळा कुजला की त्यातल्या नत्राचं नायट्रेट होतं, ते पुन्हा मुळं पितात, आणि जे उरतं त्यातलं बरंचसं मातीतलेच दुसरे जिवाणू सोडवून परत हवेत पाठवतात. पृथ्वीचा हा घेण्या-देण्याचा व्यवहार माणूस नव्हता तेव्हापासून चालू आहे.

पुढे घरात गॅस आला, स्टील आलं, आणि मी माळ्यावर गेलो. पल्लवी वाशिमला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागली. तिचा भाऊ धम्मरत्न रिसोडला नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, सपना सून म्हणून घरी आली. मी माळ्यावर कोळिष्टकं अंगावर घेऊन पडून होतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. काम नसलं की भांडं अडगळीत जातंच.

मग धम्मदीपा जन्मली. सपनाचं दूध कमी पडायचं, म्हणून डब्याची पावडर पाण्यात कालवून पोरीला बाटलीनं पाजायचं ठरलं. पाणी घराजवळच्या विहिरीचं. रुख्मिणीनं मला माळ्यावरून उतरवलं आणि राखेनं, चिंचेनं घासून घासून लखलखीत केलं. कल्हईवाला आता गावाकडे फिरकत नाही, त्यामुळे कल्हई राहून गेली. मला पुन्हा चुलीवर चढवलं तेव्हा मला किती बरं वाटलं ते सांगता यायचं नाही. नातीचं पाणी उकळायचं होतं!

आमच्याकडे एक जुनी रीत आहे. बाळंतिणीला आणि बाळाला साधं उकळलेलं पाणी द्यायचं नाही, आटवलेलं द्यायचं. रुख्मिणी रोज सकाळी मला काठोकाठ भरायची आणि पाणी निम्मं होईपर्यंत खालचा जाळ काढायची नाही.

सपना म्हणायची, "आई, एवढं कायले आटवता? एक उकळी पुरे न."

"लेकराचं पोट हाये बाई ते," रुख्मिणी म्हणायची. "अर्धं आटलं की पान्यातलं सारं इष मरते."

मित्रांनो, सगळं इथेच चुकत होतं, आणि ते पाहणारा मी एकटाच होतो. उकळल्यानं जंतू मरतात हे खरं. पण पाण्यात विरघळलेला क्षार काही जिवंत नसतो, तो मरणार कसा? माझ्यातून वाफ होऊन उडायचं ते फक्त पाणी. बाकी सगळं माझ्या तळाशी राहायचं. पाणी निम्मं झालं की त्यातला क्षार दुप्पट दाट व्हायचा. समुद्राचंही असंच आहे. सूर्य समुद्र तापवतो, ढग होऊन वर जातं ते गोडं पाणी, मीठ तिथंच राहतं. जो कायदा समुद्राला आहे तो मी, एका वस्तीतला गंज, कसा मोडणार?

आणि त्या पाण्यात काय होतं हे मला चवीनं कळत होतं. विहिरीला लागून घरचा उकिरडा. विहिरीभोवती देवमनचं सोयाबीन. त्या साली पावसानं मध्येच उघडीप दिली आणि सोयाबीन पिवळं पडलं, तेव्हा शेजाऱ्याचं वावर हिरवं दिसतं आणि आपलं का नाही, म्हणून देवमननं युरिया फेकला. शेजाऱ्यानंही फेकला होता. मग धो धो पाऊस झाला. पिकाला जेवढं पिता आलं तेवढं ते प्यालं, उरलेलं नायट्रेट काळ्या मातीतून झिरपत विहिरीत उतरलं. त्याला रंग नाही, वास नाही. रोज सकाळी ते माझ्यात यायचं आणि माझ्यात दाट व्हायचं.

पोरीचे ओठ जांभळट दिसू लागले. मग नखं राखाडी झाली. तिला वाशिमला एका दवाखान्यात नेलं, हृदय तपासलं, ते ठणठणीत निघालं. ऑक्सिजन लावला. तिथं दूध बाटलीबंद पाण्यात कालवत होते, त्यामुळे काही दिवसांत पोर आपसूक सुधारली आणि घरी आली. आणि ती घरी आल्याबरोबर माझ्यावर खटला सुरू झाला.

शेजारची रुपाबाई पोरीला पाहायला आली होती. तिची नजर माझ्यावर गेली.

"रुख्मिणी, ह्याच्यात उकळते का तू पानी?"

"हो. काहून?"

"कल्हई कुठी हाये ह्याले? पितळ उतरलं वो लेकराच्या अंगात! म्हनूनच निळी पडली पोट्टी."

रुख्मिणीचा चेहरा पांढरा पडला. मी मनात ओरडत होतो. अगं बाई, पितळ उतरलं असतं तर पोरीनं ओकून घर भरवलं असतं! नुसत्या पाण्यात कुठे काही कळकतं का? पण गंजाचं ओरडणं कोण ऐकतं? त्याच दिवशी मला उचलून अंगणात, न्हाणीच्या भिंतीशी उपडं घातलं. कधी बाजारादिवशी भंगारवाला आला की त्याला देऊन टाकायचं ठरलं. देवमननं रिसोडहून नवा स्टीलचा गंज आणला.

भंगारात जायची मला भीती वाटली असेल असं तुम्हाला वाटत असेल. अजिबात नाही. पितळ वितळलं तरी पितळच राहतं. मला संताप आला होता तो वेगळ्याच गोष्टीचा. सगळं खापर माझ्या डोक्यावर फुटलं होतं, म्हणून पाण्याकडे कोणी बोट दाखवत नव्हतं. मी दोषी ठरलो की विहीर सुटली, उकिरडा सुटला, युरिया सुटला. आणि पोर मात्र तेच पाणी पुन्हा पिणार होती. रुख्मिणी तर आता आणखीच जपत होती. स्टीलच्या गंजातलं पाणी ती निम्म्याच्याही खाली आटवत होती. मी अंगणातून ते रोज बघत होतो आणि माझ्या अंगाची लाही होत होती.

पोळ्याच्या सुट्टीला पल्लवी घरी आली. चपला काढता काढताच तिनं भाचीला उचललं, उजेडात धरलं आणि ती जागच्या जागी थबकली.

"वैनी, इचे ओठ पाहा!"

सपना धावत आली. "पुन्हा? आता तं गंजबी बदलला!"

"गंज?" पल्लवीला काही कळेना. "गंजाचं काय?"

सपनानं रडत रडत सगळं सांगितलं. पल्लवीनं एकच विचारलं, "पानी कोनतं?"

"विहिरीचंच. पण उकळून देतो न आपन. आई तं अर्ध्याच्याही खाली आटवते."

पल्लवीनं आधी विहिरीकडे पाहिलं, मग उकिरड्याकडे. मग ती जोरात ओरडली, "बाबा, जीप बलावा! आत्ताच्या आत्ता! आन हे पानी पोट्टीले पुन्हा एक थेंबबी देऊ नका!"

घर एका क्षणात रिकामं झालं. मी उपडाच होतो. इतकी वर्षं विस्तवावर बसलो, पण त्या दुपारी जसा पोळलो तसा कधी नाही. त्या घटकेला कोणी मला विचारलं असतं की तू भंगारात जा, पोर वाचते, तर मी एका पायावर तयार झालो असतो.

पोर वाचली. पल्लवीनं डॉक्टरांना पाण्याचं सांगितलं, त्यांनी रक्त काढून पाहिलं तर ते चॉकलेटच्या रंगाचं निघालं. मग त्यांनी शिरेतून एक निळंशार औषध दिलं, आणि त्या निळ्या औषधानं निळी पडलेली पोर बघता बघता गुलाबी झाली. हे सपनानं घरी आल्यावर ज्याला त्याला सांगितलं, म्हणून मला कळलं.

बाजाराच्या दिवशी पोरीला पाहायला वस्तीतल्या बाया अंगणात जमल्या. रुपाबाई सगळ्यांच्या पुढे. नेमका तेव्हाच भंगारवालाही काटा घेऊन दारात उभा राहिला आणि माझ्याकडे हात करून म्हणाला, "हाच का गंज, माय?"

"थांब भाऊ," पल्लवी म्हणाली. "त्याचं काम हाये अजून."

तिनं अंगणातच चूल पेटवली. एका बाजूला मला ठेवलं, दुसऱ्या बाजूला स्टीलच्या गंजाला. दोघांत सारखंच विहिरीचं पाणी मोजून ओतलं आणि दोघांतलं निम्मं आटवलं. एका पेल्यात तिनं विहिरीचं न उकळलेलं पाणी घेतलं, आणि एकात केनवडहून आणलेल्या, क्षार गाळून काढलेल्या आरओच्या पाण्याच्या जारमधलं. कॉलेजातून तिनं कागदी पट्ट्या आणल्या होत्या. नायट्रेट असलं की ती पट्टी गुलाबी होते, जितकं जास्त तितका रंग गडद. बाया पुढे सरकल्या. जारच्या पाण्यातली पट्टी जेमतेम रंगली. विहिरीच्या पाण्यातली चांगली गुलाबी झाली. आणि आम्हा दोघा गंजांतल्या पट्ट्या गर्द जांभळ्या झाल्या. दोन्हींत तसूभरही फरक नव्हता.

"पितळेतबी तेच, स्टीलातबी तेच," पल्लवी म्हणाली. "भांड्याचा काही संबंध नाई. इष पान्यात हाये. आन आटवलं की ते आनखी दाट होते. तान्ह्या लेकराच्या पोटात त्याचं असं काही होते की रक्ताले हवा धरताच येत नाई. मोठ्या मानसाले ते तसं बाधत नाई, म्हनून आपल्याले कळलं नाई."

रुख्मिणी चुलीपाशी बसली. "म्हंजे म्याच पाजलं? म्या जपून जपून माह्याच नातीले…"

मित्रांनो, तोवर मला तिचा राग होता, खोटं कशाला बोलू? पण तिचे ते हात पाहिले आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. त्याच हातांनी तिनं रोज पहाटे उठून माझ्याखाली जाळ केला होता. ती जितकी जास्त जपत होती तितकं पाणी जास्त वाईट होत होतं. यात तिचा गुन्हा काय?

"माय, तुही चूक नाई," पल्लवी तिच्याजवळ बसली. "तुले कोनी सांगतलंच नव्हतं."

देवमन मात्र उखडला. "मंग काय माही चूक? युरिया नाई टाकला तं सोयाबीन होईन काय? सारं गाव टाकते!"

"बाबा, दोन झाडं उपटून आना. एक आपल्या वावराच्या मधलं, एक बांधाच्या कोपऱ्यातलं, जिथं तुमचा हात पोचला नाई तिथलं."

तो तणतणत गेला आणि दोन झाडं मुळासकट घेऊन आला. बांधावरच्या झाडाच्या मुळांना गाठीच गाठी होत्या. पल्लवीनं एक गाठ नखानं चिरली, आत ती लालसर गुलाबी. वावरातल्या झाडाला मोजक्याच गाठी, आणि चिरल्यावर त्या फिक्या निघाल्या.

"सोयाबीन आपला नत्र हवेतून सोताच घेते," पल्लवी म्हणाली. "आयतं भेटलं की ते गाठी करतच नाई. तुमी टाकलं ते त्याच्या कामाचं नव्हतंच, बाबा. ते विहिरीत गेलं. आन हा गुलाबी रंग पाह्यला का? आपल्या रक्तातला लाल रंग आन हा, दोघं एकाच जातीचे. दोघायचं कामबी हवा धरून ठेवायचं. युरियानं हा फिका पडला, आन तिकडे आपली पोट्टी निळी पडली."

देवमननं चिरलेली गाठ खाली ठेवली. मग कोपऱ्यातलं फावडं उचलून तो विहिरीकडे गेला आणि उकिरडा उपसायला लागला.

पण रुपाबाई अजून मागे हटत नव्हती. "आमी जन्मभर हेच पानी पेलो," ती म्हणाली. "काही झालं का आमाले? ही पोट्टी कागदं बुडवते आन आपल्याले भेव दाखवते."

तेव्हा रुख्मिणी उठली. डोळे पुसले. जिनं मला अंगणात उपडं घातलं होतं तीच येऊन माझ्या निवलेल्या कडेवर हात ठेवून उभी राहिली. तिनं आधी भंगारवाल्याकडे पाहिलं. "जा बापा तू. हा गंज मी देत नाई." मग ती रुपाबाईकडे वळली. "आन तू, रुपा, मले सांग. तुह्या घरी नातू हाये न दोन महिन्याचा? कोनतं पानी देते त्याले?"

"विहिरीचं," रुपाबाई म्हणाली.

"कोनत्या विहिरीचं?"

"हेच," रुपाबाई हळूच म्हणाली. "आटवूनच देतो."

"मंग पी आता तूच, आन सांग मले की काही होत नाई. जा, घरी जाऊन त्याची नखं पाहून ये. मंग भांड माह्यासंग."

रुपाबाई पदर खोचून पळतच गेली. विहिरीकडून फावड्याचा आवाज तेवढा येत होता. थोड्या वेळानं ती परत आली, काखेत नातू आणि हातात त्याची दुधाची बाटली. तिनं पोराचे हात पल्लवीपुढे धरले. पल्लवीनं नखं पाहिली, ओठ पाहिले आणि म्हणाली, "आत्ता ठीक हाये. पण आजपासून जारचं पानी."

रुपाबाईनं बाटलीचं बूच काढलं. मग सगळ्यांदेखत तिनं ते दूध मातीत ओतलं, आणि एकदाही माझ्याकडे न बघता म्हणाली, "रुख्मिणी, थोडं जारचं पानी दे वो."

मित्रांनो, आता तुम्हाला वाटत असेल की मी म्हणेन, जुन्या भांड्यांची कदर करा, त्यांना जपा. मला जपायची गरज नाही. मी पितळ आहे, मला काही होत नाही. विहीर मात्र अजून तशीच आहे. तिच्यातलं नायट्रेट एका पावसात जाणार नाही, काही वर्षं जातील, आणि तेही तुम्ही नवीन घालायचं थांबवलं तर. तेव्हा तुमच्या घरात कोणी आजारी पडलं आणि सगळे मिळून एखाद्या भांड्याकडे, एखाद्या माणसाकडे बोट दाखवू लागले, तर तुम्ही गप्प बसू नका. मोठ्यांना विचारा की आत काय ओतलंत? कुठून आणलंत? आधी तिथं कोणी काय टाकलं होतं? मोठी माणसं चिडतील. देवमनही चिडला होता. चिडू द्या त्यांना, पण पोराच्या हातात बाटली द्यायच्या आधी उत्तर घ्या.